चौथाई गोळीची सुनावणी

आधीच सांगून टाकते, माझं डोकं पटकन तापतं. सांगता सांगता आवाज चढला तर मनावर घेऊ नका. गोष्ट तशी माझी नाहीच, माझ्या नणंदेची आहे. यजमानांची थोरली बहीण, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते. बाकी सगळे पुडीताई म्हणतात. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात, आणि सरकारी दवाखान्यात औषधांच्या तीन नंबरच्या खिडकीत एकतीस वर्षं बसल्या आहेत. या बाईंमुळे देशाच्या यादीत एक ओळ वाढली. मी समोर बसून पाहिलंय, त्यामुळे कोणी मला उलटं सांगायला येऊ नये.

पुडीताई हे नाव पडलं त्यांच्या पुड्यांवरून. दवाखान्यात येतात त्या बहुतेक गोळ्या मोठ्या माणसांच्या. मूल तीन वर्षांचं असलं की डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, पाव गोळी. आता पाव गोळी कोणत्या कारखान्यात मिळते? मग वन्सं दहा गोळ्या खलात घालायच्या, पिठासारख्या बारीक करायच्या, पांढऱ्या कागदावर ती पूड पसरून ब्लेडच्या पात्याने त्याचे चाळीस ढीग करायच्या आणि चाळीस पुड्या बांधायच्या. सगळं नजरेने. पुडीची घडी अशी घालायच्या की पिशवीत उलटीपालटी झाली तरी कण सांडायचा नाही. दुसऱ्या खिडक्यांवरचे लोक सरळ सांगायचे, लहान मुलांचं नाही आमच्याकडे. वन्संनी मात्र कधी कोणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आमची नात, तिला आम्ही चिमणी म्हणतो, अडीच वर्षांची असताना तिला फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी औषध दिलं, अर्थातच पाव गोळी, सकाळ-संध्याकाळ. घरातच पुडीताई, तेव्हा आम्हाला वाटलं आपलं नशीब जोरावर आहे. महिना बरा गेला. मग सुरू झाला खेळखंडोबा. एखाद्या दिवशी चिमणी दुपारपर्यंत नुसती पेंगत राहायची, मान टाकायची. आणि एखाद्या दिवशी औषध वेळेवर देऊनसुद्धा फिट यायची. डॉक्टर म्हणाले, "औषध नियमित देता ना?" झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात. घरी येऊन मी सुनेला फैलावर घेतलं. तू विसरतेस, तू अर्धी पुडी सांडतेस, तुझं लक्ष फोनमध्ये. पोरगी उठली. आत गेली, पुड्यांचा डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "आई, तुमच्याकडे तराजू आहे ना कॉलेजात? मोजा."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. सव्वीस वर्षं मुलांना हेच ओरडून सांगितलं की नजरेवर विसंबू नका, मोजा. आणि घरात रोज नजरेने केलेली पुडी नातीच्या तोंडात जात होती, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वीस पुड्या घेऊन गेले. आमच्याकडे डब्याएवढा एक तराजू आहे, काचेच्या झाकणाचा, मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. गोळीचं वजन दोनशे, म्हणजे पुडीत पन्नास यायला हवेत. पहिली अठ्ठेचाळीस. म्हटलं, बघा, उगाच संशय घेतला. दुसरी त्रेपन्न. तिसरी छत्तीस. सातवी पासष्ट. मी पुन्हा मोजली, पुन्हा पासष्ट. चिमणीला एका वेळी सव्वापटीहून जास्त औषध जात होतं आणि दुसऱ्या वेळी पाऊणच.

सुनेची मी माफी मागितली नाही. तसलं माझ्या तोंडून निघत नाही. तिला चहा करून दिला आणि ती तो मुकाट्याने प्यायली.

मग कागद घेऊन मी तणतणत वर गेले. "वन्सं, हे काय आहे?" त्यांनी चष्मा लावला, वीसच्या वीस आकडे वाचले. म्हणाल्या, "तराजू आधी शून्यावर आणला होतास?"

"आणला होता."

"उद्या पुन्हा मोज. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आल्या, स्टुलावर बसल्या, मी मोजत गेले आणि त्या बघत राहिल्या. आकडे तेच. त्यानंतर दोन दिवस घरात बोलल्या नाहीत. चुकलं, असं एक अक्षर नाही. खरं सांगते, मला राग आला होता. चार माणसांत पुडीताई म्हणून मिरवायचं आणि घरच्या पोरीचं असं झाल्यावर तोंडात मिठाची गुळणी? मी त्यांना पाण्याचा तांब्याही आदळून द्यायला लागले.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं, याच औषधाची लहान मुलांची गोळी असते. पाव ताकदीची. चमच्यात पाणी घालून टाकली की विरघळते. चार देशांत मिळते. आपल्याकडे नाही."

"का नाही?"

"यादीत नाही म्हणून."

ही यादी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. औषधं हजारो असतात, सगळी काही सरकार विकत घेत नाही. दर तीन वर्षांनी देशाची एक समिती बसते आणि ठरवते की कोणत्या औषधांवाचून लोकांचं चालणारच नाही. आजार किती लोकांना आहे, औषध खरंच लागू पडतं का, त्यात धोका किती, किंमत झेपेल का, हे सगळं बघतात. यादीत नुसतं औषधाचं नाव नसतं, गोळी की सिरप आणि किती ताकदीचं, तेही असतं. एकदा यादीत आलं की प्रत्येक सरकारी दवाखान्यात ते ठेवावंच लागतं. यादीत नसलं की वन्संच्या कॉम्प्युटरवर त्याची मागणीसुद्धा टाकता येत नाही, टाकली की लाल चौकट येते. मोठ्या गोळीचं नाव यादीत होतं. लहानीचं नव्हतं.

आणि समिती त्याच वर्षी बसणार होती. अर्ज कोणीही करू शकतं, डॉक्टरच लागतो असं नाही. अर्ज चौदा पानांचा. आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर अकरा दिवस तो भरला. वन्संनी मजकूर सांगायचा, मी लिहायचा, आणि मध्ये मध्ये भांडायचं. त्यांना प्रत्येक वाक्यात "कृपया" हवं होतं, मी खोडत होते. बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी मदत केली, बाहेरच्या देशांतले अभ्यास काढून दिले. शेवटच्या दिवशी अर्ज गेला आणि मी दोन दिवस हवेत होते.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मी दारातच फोडलं. लिहिलं होतं की सदर आजाराच्या बालरुग्णांना उपलब्ध गोळीतून उपचार मिळत असल्याचे दिसते, लहान मात्रेच्या गोळीसाठी मागणी शून्य आहे, सबब शिफारस करता येत नाही. अर्जदारास काही सांगायचे असल्यास समितीपुढे दहा मिनिटे देण्यात येतील.

"शून्य?" मी ओरडलेच. "ही काय चेष्टा आहे? तुमच्या खिडकीसमोर रांग लागते."

वन्सं जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. रांग लागते, पण कागदावर काय जातं? मी दहा गोळ्या काढते आणि कॉम्प्युटरवर दहा गोळ्या दिल्या म्हणून नोंद होते. पाव केल्या ते कुठेच लिहिलेलं नाही. मी एकदा जरी म्हटलं असतं की लहान मुलांचं औषध नाही, तर कोणीतरी ओरडलं असतं, तक्रार झाली असती. मी कोणाला ओरडायची वेळच येऊ दिली नाही." मग म्हणाल्या, "ती मागणी मीच शून्य केली गं."

कागदावर आमची चिमणी मोठं माणूस होती आणि पुडीताईंच्या खिडकीवरची सगळी पोरं मोठी माणसं होती.

राजधानीला जायचं ठरलं. वन्संनी मला तराजू मागितला. आमच्या ह्यांनी ऐकलं आणि बहिणीला समजावायला गेले. "ताई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिथे जाऊन स्वतःच्या पुड्या मोजून दाखवणार? सरकारी नोकर आहेस, निवृत्तीला सात महिने उरलेत. उद्या चौकशी लावली तर?" वन्सं म्हणाल्या, "लावू दे." एवढंच. प्राचार्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं, पण तराजू मिळाला. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन पाच तास बसले गाडीत. बाजूच्या बाईने विचारलं, मांजर आहे का. मी म्हटलं, हो, चावतं.

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, बारा माणसं, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येकापुढे आमचा अर्ज. माझ्याच अक्षरातला. अध्यक्षीणबाई पिकल्या केसांच्या, बोलणं नेमकं. उजवीकडे जाड चष्म्याचे एक डॉक्टर होते, त्यांनीच सुरुवात केली. "ताई, तुमच्या पुड्यांचं कौतुक आम्ही ऐकलंय. इतकं उत्तम काम चालू असताना नवीन गोळी कशाला? आम्हाला शंभर औषधांतून दहा निवडायची असतात. तुम्ही दाखवून दिलंय की गोळी पाव करता येते."

वन्संनी पर्समधून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या, नव्या ब्लेडची पाकिटं काढली आणि म्हणाल्या, "मग कराल का जरा?"

खोलीत चुळबुळ झाली. पण अध्यक्षीणबाईंनी हात पुढे केला, मग बाकीच्यांना करावंच लागलं. काय सांगू ती मजा. बारा मोठी माणसं माना खाली घालून गोळीवर ब्लेड चालवत होती. एकाचा तुकडा उडून बाटलीवर आपटला. जाड चष्म्याच्या डॉक्टरांच्या गोळीचे झाले दोन तुकडे आणि भुगा, आणि एक तुकडा टेबलाखाली गेला तो ते खरंच वाकून शोधायला लागले. मी तराजू मांडला, शून्यावर आणला, आणि एकेक तुकडा ठेवून आकडा मोठ्याने वाचत गेले. बावीस. सत्त्याहत्तर. एकेचाळीस. नव्वद. लोक हसायला लागले. मलाही हसू आवरेना.

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी मग स्वतःचा खल काढला. दहा गोळ्या कुटल्या, पूड पसरली, चाळीस ढीग केले. सहा मिनिटांत. त्यांचे हात झरझर चालले होते. एक बाई उठून जवळ येऊन बघायला लागल्या. ढीग दिसायला अगदी सारखे. कोणीतरी "वा" म्हणालं.

"मोज," वन्सं मला म्हणाल्या.

इतके दिवस मी रागावले होते, आदळआपट केली होती, आणि आता बारा लोकांसमोर त्यांची एकतीस वर्षं मला आकड्यांत वाचून दाखवायची होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी वाचायला लागले. एकोणपन्नास. बावन्न. अडतीस. त्रेसष्ट. चाळीसच्या चाळीस.

जाड चष्म्याचे डॉक्टर म्हणाले, "यात फरक आहे, मान्य. मग प्रत्येक दवाखान्याला असा तराजू देऊ. ते स्वस्त पडेल."

माझ्या डोक्यात सणक गेली, मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात वन्सं उभ्या राहिल्या. "साहेब, तराजूवर चाळीस पुड्या करायला दीड तास लागतो, आम्ही कॉलेजात करून पाहिलंय. खिडकीपुढे तोवर दोनशे माणसं उभी असतात. आणि दुसरं सांगते. या कामात माझ्याइतका हात देशात कोणाचा नसेल. हे मी गर्वाने म्हणते, मला लाज नाही. तर देशातला सगळ्यात चांगला हात तुम्ही आत्ता मोजलात. जिथे कालच कामाला लागलेली पोरगी बसलीय, तिथलं मूल आज किती औषध पितंय, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

दहा मिनिटांची वेळ कधीच संपली होती. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "हे तुम्ही लेखी द्याल? पुड्यांचे आकडे, तुमच्या सहीनिशी? कागद जाहीर होतो, कोणीही वाचू शकतं."

"द्या पेन," वन्सं म्हणाल्या.

परत येताना मला वन्संना कुठे ठेवू आणि कुठे नको झालं होतं. मी बडबडत होते, तुम्ही असं म्हणालात आणि त्याचं तोंड असं झालं. वन्सं खिडकीला डोकं टेकून झोपून गेल्या.

तराजू मी महिना महिना करून कॉलेजातून मागत राहिले आणि इतके दिवस कॉलेजात जमेल तशा मोजून आणत होते त्या चिमणीच्या पुड्या आता रोज घरीच मोजून करायला लागले. फिट कमी झाल्या, पेंगणं थांबलं. पण ती एकट्या चिमणीची सोय होती. वन्संनी खिडकीवरच्या सगळ्यात लहान सहा मुलांच्या पुड्याही मला आणून दिल्या. संध्याकाळी आम्ही तिघी बसायचो, मी, सून आणि वन्सं, आणि त्या सहा घरांचं काम करता करता नाकी नऊ यायचे. बाकीच्यांना पूर्वीसारख्याच पुड्या जात होत्या, कारण काहीच न देण्यापेक्षा ते बरं होतं. ते वन्संना किती खुपत होतं ते त्यांच्या जेवणावरून कळायचं.

यादी एका बुधवारी दुपारी लागली. मुलाच्या फोनवर एकशे बारा पानं. तो वर-खाली करतोय, मी त्याच्या खांद्यावरून ओरडतेय, खाली जा, अरे खाली, ते पोटाच्या रोगांचं आहे. पान एकसष्ट. फिटच्या आजारावरची औषधं. मोठी गोळी, इंजेक्शन, आणि त्याखाली एक नवी ओळ: पाण्यात विरघळणारी गोळी, बालकांसाठी. मी किंचाळले. सुनेने मला मिठी मारली, मीही तिला धरून ठेवलं, आणि तेव्हा कानात म्हटलं, "त्या दिवशी मी उगाच बोलले तुला." ती म्हणाली, "किती महिने झाले त्याला, आई." आमचे हे दवाखान्यात फोन लावत होते आणि तीन नंबरची खिडकी नेहमीप्रमाणे फोन उचलत नव्हती.

गोळ्या यायला आणखी चार महिने लागले. चौकशीही झाली नाही की कोणी सत्कारही केला नाही. निवृत्तीला बारा दिवस उरले असताना पहिली खोकी आली. आम्हालाही चिमणीला घेऊन खिडकीवर यायचा निरोप आला, निरोप दवाखान्याचाच, घरात वन्सं काही बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, घरच्या घरी एक डबी आणायला काय होतं यांना? पण गेले. रांगेत आमचा नंबर एकोणिसावा.

रांग फार हळू सरकत होती. प्रत्येक माणसापाशी वन्सं काहीतरी सांगत होत्या, गोळी कशी विरघळवायची ते असणार. पुढे गेल्यावर ऐकू यायला लागलं. माझ्यापुढच्या आजोबांना त्या म्हणाल्या, "आतापर्यंत मी दिलेल्या पुड्यांत औषध कमी-जास्त व्हायचं. त्याने तुमच्या नातवाला त्रास झाला असेल. ती चूक माझी. आता ही गोळी घ्या, हिच्यात प्रत्येक वेळी तेवढंच असतं." आजोबा गोंधळून बघत राहिले, मग हात जोडून गेले. म्हणजे अठरा माणसांना त्या हेच सांगत आल्या होत्या. उरलेल्या सगळ्यांना सांगणार होत्या.

आमचा नंबर आला. चिमणी माझ्या कडेवरून "आत्याआजी" म्हणून ओरडली. वन्संनी तिच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पेशंटचं वय?"

"साडेतीन," मी म्हटलं.

त्यांनी डबी समोर ठेवली आणि तिच्यावर हात तसाच ठेवून म्हणाल्या, "आतापर्यंत मी दिलेल्या पुड्यांत औषध कमी-जास्त व्हायचं. त्याने तुमच्या नातीला त्रास झाला. ती चूक माझी."

त्या मला तुम्ही म्हणाल्या. वर्षभर मी हेच ऐकायला टपून बसले होते, आणि आता मला ते ऐकवेना. मागे रांग होती, चिमणी डबीकडे हात करत होती. मला रडू आलं. मी त्यांच्या हाताखालून डबी ओढून घेतली आणि म्हटलं, "कळलं, ताई. पुढच्यांना घ्या."